उशाखालचा पट्टा

शिडीवरून पडून डोक्याला मार बसल्यापासून रंगारी अंधाऱ्या खोलीत पडून होता. डोकं ठणकायचं, अंगात त्राण नसायचं. पलीकडे बायकोचं शिलाई मशीन खडखडायचं. एकदा तो खेकसला, "बंद कर ते! जीव घेशील माझा."

तिने मशीनचा पट्टाच काढून त्याच्या उशाखाली ठेवला. "घ्या. आता वाजायचंच नाही."

घर गप्प झालं. स्वतःचं बोलणं त्याला खात राहिलं.

आज दुपारी मशीन पुन्हा खडखडलं. कळ आली, तरी त्याला बरंच वाटलं. भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "चुकलं गं माझं. शिव तू खुशाल."

खडखड थांबली.

"अहो, कुणाशी बोलताय?" पायथ्याशी झोपलेली बायको उठून बसली.

त्याने उशाखाली हात घातला. पट्टा तिथेच होता.

पलीकडे मशीन पुन्हा सुरू झालं. बायकोने त्याचा पाय घट्ट धरला.