दुसरं बेट

सरांनी हातोडी उचलली तेव्हा तिला वाटलं, नेहमीसारखी शंख फोडायला घेतली असेल. पहिला घाव ट्रेवर बसला. दुसरा, ट्रे झाकायला पुढे केलेल्या तिच्या डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज शंख फुटल्यासारखाच आला.

"चोराची पोर चोरच निघाली!" सर ओरडले. "म्हणे दुसऱ्या बेटावर सापडल्या! बापाचंच नाटक परत लावलंयस?"

ट्रेमधल्या बारा जिवंत गोगलगायींचा लगदा झाला होता. इतर कितीतरी समुद्री गोगलगायींची पिल्लं पाण्याबरोबर वाहत बेटाबेटांवर पोचतात. या जातीची पिल्लं अंड्यातून थेट खडकावर उतरतात आणि त्याच खडकावर मरतात. म्हणून ही जात जगात एकाच बेटावर आहे, असं सरांनी सिद्ध केलं. त्यांचं नाव झालं ते त्यावरच. तीन वर्षांनी तिच्या बाबांना ती शेजारच्या बेटावर सापडली. बाबा म्हणजे सरांचे जिवलग मित्र, त्या पहिल्या सफरीतले जोडीदार. सर भर सभेत म्हणाले, "माझ्या बादलीतल्या चोरून यानेच तिथे सोडल्या. गोगलगाय नि पोटात पाय!" सभागृह खदखदून हसलं. महिन्याभराने बाबांचं प्रेत किनाऱ्याला लागलं.

आता सरांनी तिची मान धरून तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटला. तिलाही हातोडी दिसत होती, उजवा हात धड होता, आणि एक घाव घालायची इच्छा तिला झाली. पण अठ्ठावीस वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी दोन मिनिटं जड नसतात.

"काका," ती रक्त पुसत म्हणाली. लहानपणी ती त्यांना काकाच म्हणायची. "डीएनए तपासणी झाली. दुसऱ्या बेटावरच्या सगळ्या एकाच मादीच्या वंशातल्या आहेत. त्या पहिल्या सफरीत तुम्ही बरणीत जपून ठेवलेल्या नमुन्यांशी तंतोतंत जुळतात. त्या तुमच्याच बादलीतून तिथे गेल्यात. तुमचं खरं होतं."

सरांची पकड सुटली. चेहऱ्यावर चक्क समाधान पसरलं. "मग? मी काय घसा कोरडा करून सांगत होतो?"

तिने पिशवीतून एक जुनी वही काढली. त्या सफरीची, सरांच्याच अक्षरातली. सत्काराच्या दिवशी त्यांनी ती मोठ्या ऐटीत संग्रहालयाला दिली होती. तेव्हापासून ती काचेच्या कपाटात होती, तिच्याआधी कुणी उघडली नव्हती.

"शेवटचं पान," ती म्हणाली. "मोठ्याने वाचा."

सर जिंकल्याच्या थाटात वाचू लागले.

"परतीचा दिवस. गोड्या पाण्यासाठी शेजारच्या बेटाला बोट लावली. तो तापाने फणफणलाय, उतरलाच नाही. मी एकटाच उतरलो. खडकांवर बादली विसळून घेतली."