जावईबापूंचं फिटिंग

टेलरमास्तरांनी बोटं कोमट पाण्याच्या वाडग्यात बुडवली होती आणि जावईबापू नवी पँट चढवून आरशासमोर छाती काढून उभे होते.

"दुकान आहे की ब्यूटी पार्लर?" जावईबापूंनी आरशातूनच विचारलं.

मास्तरांनी बोटं आणखी खोल बुडवली. काल दुपारभर ते दवाखान्यातल्या खुर्चीत हाताला ड्रिप लावून बसले होते. त्या औषधाने आतड्यांची जुनी सूज दबते, पण दुसऱ्या दिवशी बोटांच्या सांध्यांत येऊन बसते, भाडेकरूने घर बदलावं तशी. चेहरा लाल, अंगाला खाज, ऐन उन्हात गळ्याला मफलर. अंगठा कात्रीच्या कडीत जात नाही. मग कोमट पाणी घ्यायचं आणि बोटं वळेपर्यंत दम धरायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, ड्रिपच्या दुसऱ्या दिवशी बोटांवर जोर आणायचा नाही, घाई करायची नाही.

जावईबापू म्हणजे मालकांचे एकुलते जावई. आज संध्याकाळी सासरे चार मोठ्या माणसांसमोर दुकान त्यांच्या हवाली करणार होते. दुकानात यायला लागल्यावर त्यांनी पहिली सुधारणा केली ती मागच्या संडासाच्या दाराला पितळी घंटी बांधण्याची. मास्तर कितीदा उठतात ते बसल्या जागी कळावं म्हणून. घंटी वाजली की गिऱ्हाइकं वळून बघायची. मग जावईबापूंना दुसरा शोध लागला, की गिऱ्हाइकं वळून बघतात, हे दुकानाला शोभत नाही. तेव्हा उद्यापासून मास्तरांनी घरी बसून शिवावं. कटिंगचं टेबल जावईबापूंच्या मावसभावाला. हे सगळं त्यांनी आत्ताच, पँट चढवता चढवता सांगून टाकलं होतं. ज्या टेबलावर मास्तरांचे केस पांढरे झाले, ते टेबल एका पायात पँट असताना गेलं.

"वाईट वाटून घेऊ नका, मास्तर. हे पोटाचं सगळं मनाचं असतं," जावईबापू म्हणाले. "मी बघा. सकाळी एकदा जाऊन आलो, की दुसऱ्या सकाळपर्यंत विषय नाही."

"नशीब लागतं," मास्तर म्हणाले.

पँट मात्र झकास बसली होती. पोट दिसता कामा नये, ही जावईबापूंची अट. मास्तरांनी ती गेल्या आठवड्यात, हात धड असताना, जीव ओतून पाळली होती. आत रुंद पट्टा, पट्ट्याला हूक, हुकावर आडवं बटण, आणि या सगळ्याला आवळून धरणारी एक नाडी, जिची गाठ शिवणीच्या आत दडलेली. वरून पाहावं तर कापड तळ्यासारखं सपाट. आज बोटं चालत नव्हती, म्हणून मास्तरांनी नाडी मनगटाला गुंडाळून ओढली होती. गाठ कशी सोडायची तेही ते दाखवणार होते. पण टेबलाचं ऐकल्यावर ते राहून गेलं.

मास्तरांच्या स्वतःच्या पँटचा हिशेब उलटा. वर बटण, चेन, पट्टा, सगळं शोभेचं. आत नुसतं इलॅस्टिक. पँट कशी बसते हे जग बघतं. कशी उतरते, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

जावईबापूंनी खिशातून भाषणाचा कागद काढला आणि येरझाऱ्या घालत घोकायला लागले. मध्येच घाम पुसला. चहा मागवला, एका दमात प्यायले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कोपऱ्यात काज-बटणं करणाऱ्या काकू खाली मान घालून ऐकत होत्या.

"आपणा सर्वांच्या साक्षीने ही जबाबदारी मी..." जावईबापू थांबले. कागद बघण्यासाठी थांबले असं आधी वाटलं. मग हात पोटावर गेला. कागद टेबलावर ठेवून ते रुबाबात मागच्या दाराकडे निघाले. निम्म्या वाटेत रुबाब सुटला.

घंटी वाजली. काउंटरवरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

मग आतून दाराला कोपर आपटल्याचा आवाज, आणि दबलेली हाक.

"मास्तर!"

मास्तरांनी वाडग्यातून बोटं काढली, टॉवेलला पुसली.

"मास्तर, हे सुटत नाहीये!"

"ओढू नका," मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले. "ओढलं की आवळतं."

आत जो आवाज झाला, त्यावरून ओढून झालं होतं.

काकूंनी कात्री पुढे सरकवली. मास्तरांनी कडीत अंगठा घालून पाहिला. पेरापाशी अडला. जोर लावला असता तर कदाचित गेला असता. आता आत काय चाललं असेल, घाम कुठून कुठे उतरत असेल, माणूस कोणत्या देवाला काय कबूल करत असेल, हे या दुकानात फक्त मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"काकू, पाणी निवलं हो," ते म्हणाले. "थोडं गरम घालता?"

काकू किटली घेऊन आल्या. त्यांनी बारीक धार धरली, एकदम ओतलं नाही.

मागे दार हादरत होतं. घंटी वाजत होती, थांबत होती, पुन्हा वाजत होती. गिऱ्हाइकं वळून बघत होती.

मास्तरांनी एकेक बोट पाण्यात सोडलं. डॉक्टरांनी बजावलंच होतं, आज घाई करायची नाही.