एरुएराला मागायला आलेली माणसं

मेरेआनाने पुन्हा फाटकाकडे पाहिलं. उत्तरेची माणसं अजून आली नव्हती.

तिसरा दिवस होता. भावाची शवपेटी गावाच्या सभागृहात चटयांवर उघडी ठेवली होती आणि ती त्याच्या उशाशी बसून होती. पाठ मोडून आली होती, डोळे चुरचुरत होते, आणि माणसांची रीघ काही संपत नव्हती. एरुएरा एका गावाचा नव्हताच. त्याला पडद्यावर बघत बघत अख्खं न्यूझीलंड म्हातारं झालं होतं.

येणारा प्रत्येक जण रीतीप्रमाणे त्याच्याशीच बोलत होता, आणि चांगली खरडपट्टी काढत होता. मेलेल्याला तोंडावर चार शब्द सुनावायची इथे सगळ्यांना मुभा असते.

"काय रे लबाडा," म्हातारा कॅमेरावाला डेरेक पेटीवर वाकून म्हणाला. "घोड्यावर बसता येतं म्हणून छातीठोक सांगितलंस आणि पहिल्याच दिवशी नदीत पडलास. लोकांना नेमकं तेच आवडलं. नाहीतर खाटीकखान्यात परत गेला असतास आणि आम्ही सुटलो असतो."

लोक हसले. मग कुणाला त्याचा बसवाला आठवला, कुणाला हवालदार, कुणाला तो आजोबा, ज्याच्यासाठी धडधाकट बाप्ये थिएटरात ढसाढसा रडले होते. सिनेमात तो इतक्या वेळा मेला होता की आईने शेवटी त्याचे सिनेमे बघणंच सोडलं.

अखेरच्या वर्षांत त्याला स्वतःला यातलं काहीच आठवत नव्हतं, हे मात्र कुणी काढलं नाही. बायको काहुरांगी गेली आणि त्याचं डोकं चालेनासं झालं. तेव्हा मेरेआना उत्तरेला जाऊन, कुणाचं काही न ऐकता, त्याला इकडे घेऊन आली होती. घास भरवण्यापासून सगळं तिनेच केलं. आज येणारे जाणारे भेटीच्या रीतीप्रमाणे तिच्या नाकाला नाक लावून म्हणत होते, तुझ्यासारखी बहीण सगळ्यांना मिळो. ती मान खाली घालून ऐकून घेत होती.

"आले का ते?" तिने विचारलं.

"येतील गं ताई," धाकटा भाऊ होहेपा म्हणाला. "येऊ देत की. असं उत्तर देतो, पुन्हा तोंड उघडणार नाहीत."

जावई गेला की सासरच्यांनी येऊन त्याला आपल्याकडे पुरण्यासाठी मागायचं, ही जुनी रीत. मागितलंच नाही तर मेलेल्याचा मान जातो, आणि सहज देऊन टाकला तर घरच्यांची अब्रू जाते. म्हणून ते हट्टाने मागतात, हे हट्टाने नाकारतात, आणि मग सगळे मिळून जेवायला बसतात. तापल्या दगडांच्या खड्ड्यात पुरलेलं डुकराचं मांस आणि रताळी शिजत आली होती. टेकडीवर आईच्या शेजारी कबरही खणून तयार होती.

झाकण लावायला माणसं आली. मेरेआनाने लावू दिलं नाही. जरा थांबा, म्हणाली. बिचारीचा जीव तुटतोय, असं बायका आपसात कुजबुजल्या.

दुपार कलताना फाटकाशी स्वागताची लांब हाक उठली. उत्तरेची बस आली होती. काहुरांगीचा थोरला भाऊ पाओरा काठी टेकत पुढे आला, पेटीसमोर उभा राहिला आणि त्या वयातही सभागृह दणाणेल अशा आवाजात बोलू लागला. एरुएराचा संसार आमच्या बंदरावर झाला, त्याची पोरं आमच्या वाळूत खेळली, काहुरांगीच्या शेजारची जागा अजून मोकळी आहे. "आमचा माणूस आम्हाला द्या," त्याने काठी आपटली.

होहेपा कोट सावरत उठला. मेरेआनाने त्याच्या कोटाचं टोक धरून त्याला खाली बसवलं.

"न्या त्याला," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

पाओराने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग जवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "मेरे, अगं, आम्ही आपलं रीत म्हणून मागतो."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी तो बूट घालून दाराशी यायचा आणि मला घरी सोड म्हणून रडायचा. आणि रोज मी त्याचे बूट काढून घ्यायचे."