आणखी एक फोटो

मॅमोग्राफीच्या खोलीत रोज बायकांची तपासणी करणारी ती आज स्वतः मशीनपुढे उभी होती. “दिव्याखाली अंधार नको, ताई,” म्हणत हाताखालची पोरगी तिला दरवर्षी ओढून आणायची. फोटो निघाला आणि पोरगी पडद्याकडे वाकून बघत म्हणाली, “तुम्ही हललात वाटतं. आणखी एक काढू?” बायका घाबरू नयेत म्हणून ही थाप तिनेच पोरीला शिकवली होती. “दाखव,” ती म्हणाली. पडद्यावर मुगाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. मागच्या वर्षी तो नव्हता. “लहान आहे, ताई. वेळेत सापडलाय.” तिला रडूही येईना. कपडे चढवून ती बाहेर आली. बाकावर बसलेली बाई चुळबुळत म्हणाली, “मला काहीच त्रास नाही हो. जाऊ का घरी?” “मलाही नाही,” म्हणत तिने खोलीचं दार उघडं धरलं.