वरचा अर्धा पडदा

"वरती नही. खालीच टाक पानी," उमरावबाई म्हणाल्या आणि धनुबाईचा तांब्या हवेतच थांबला.

तिनं मुकाट्यानं खालच्या अर्ध्या भागावर पाणी मारलं. खिडकीभर बांबूच्या चौकटीत वाळ्याचा जाड पडदा बसवला होता. वरचा अर्धा भाग करकरीत कोरडा होता. त्यातून येणारी झळ चुलीच्या तोंडासारखी लागत होती. आत पलंगावर उमरावबाईंची सून भंवरीबाई डोळे मिटून पडली होती. मुदतीच्या तापाचा अकरावा दिवस, आणि पोटात सातवा महिना.

कोरीट गावाहून कामाला येऊन धनुबाई चौदा उन्हाळे या घरात हा पडदा सांभाळत होती. नंदुरबारात वैशाखाचा वारा धूळ आणतो, आणि आसपासच्या जिनिंग कारखान्यांमधला कापूसही. रोज सकाळी कुंचा फिरवून वाळ्यातला कचरा काढायचा, मग वरून पाणी सोडायचं. पाणी झिरपत खाली येतं आणि पडदा सगळा भिजतो. खालून मारलेलं पाणी वर चढत नाही.

आठ दिवसांपूर्वी वरच्या कोपऱ्यात चिमणीचं घरटं दिसलं. आत तीन अंडी होती. उमरावबाईंनी सांगितलं, वर कुंचा न्यायचा नाही, पाणी टाकायचं नाही, चौकट हलवायची नाही. या जैन घरात पाणीसुद्धा गाळल्याशिवाय कोणी पीत नसे, आणि उमरावबाईंचा शब्द कोणी ओलांडत नसे. वरच्या वाळ्यात धूळ आणि कापूस दाटून बसले.

तीन दिवसांपूर्वी डॉक्टरांनी पडद्यावर बोट आपटलं होतं. "हा पडदा आहे की भिंत? स्वच्छ करा, पूर्ण भिजवा. खोली गार राहिली नाही तर ताप उतरायचा नाही. मग आई वाचणार नाही आणि मूलही नाही." रोग्याला हलवायचं नाही, असंही त्यांनी बजावलं होतं. दुसरा पडदा धुळ्याहून मागवला होता, पण त्याला अजून दोन दिवस होते. खिडकीत ओली चादर लावून पाहिली. ती घटकेत वाळली.

डॉक्टर गेल्यावर भंवरीबाईचा नवरा नेमीचंद आईकडे बघत उभा राहिला होता. आई त्याच्याकडे बघत होती. मग तो मान खाली घालून दुकानात गेला होता.

"शेठाणीबाई, पाखरू कव्हय उडी?" धनुबाईनं आज विचारलं.

"पाखरूले इचार."

"पाखरूले इचारसू. पन त्याले डागदर थोडाच लागस," धनुबाई पुटपुटली. इतकी वर्षं खानदेशात काढल्यावर मारवाडी उमरावबाई धनुबाईशी तिच्याच अहिराणी बोलीत बोलत. दोघींची भांडणंही त्याच बोलीत होत.

दुपारी ताप एकशेपाचवर गेला. भंवरीबाई बरळू लागली. उमरावबाई रोज या वेळी स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनास्थळी, सामायिकाच्या ध्यानाला बसत. नेमीचंदनं धनुबाईला अंगणात गाठलं. त्याची नजर तिच्यावर ठरत नव्हती.

"मन्ही माय आत्ते स्थानकमा जाई. सामायिक सुरू व्हयनं की दोन घटका तठून उठता येस नही. मी दुकानमा जास." त्यानं घसा साफ केला. "तू तुन्हं काम कर, धनुबाई. तुले कोनी काही इचारस नही."

"तुम्हीच चढा ना, शेठ. हात पुरस तुमना."

तो कानशिलापर्यंत लाल झाला. "आमना धरम…" एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

धनुबाईला पापाची फार भीती नव्हती. तिच्या घरी कोंबड्या होत्या आणि अंडी कालवणात पडत. भीती होती ती या घराची. पकडली गेली तर तिची बाजू घ्यायला कोणी उभं राहणार नव्हतं, नेमीचंद तर नाहीच. आतून भंवरीबाई कण्हली. धनुबाईनं स्टूल ओढलं. वर चढून तिनं कोपऱ्यात हात घातला. चिमणी तिच्या तोंडावरून फडफडत गेली. बोटांना कापूस लागला, मग अंड्याची ऊब.

"थांब."

उमरावबाई दारात उभ्या होत्या. सामायिकाला न बसताच त्या परतल्या होत्या, आसन बगलेत तसंच होतं.

"शेठाणीबाई, पोर जाई ऱ्हायनी," धनुबाई वरूनच ओरडली. "तीन अंडा पाहिजेत का सून पाहिजे, ते सांगा!"

"खाले उतर."

ती उतरली. आता 'घरी जा' हे शब्द येणार म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली. उमरावबाईंनी आसन खाली ठेवलं. पदर खोचला आणि साठीची ती बाई एका हातानं चौकट धरून स्टुलावर चढली. त्यांचे ओठ हलत होते. दोन्ही हातांनी त्यांनी घरटं उचकटलं. एक अंडं निसटून फरशीवर फुटलं. उमरावबाईंनी डोळे मिटले, पण हात थांबवले नाहीत. दाटलेला कापूस आणि काड्या ओरबाडून काढल्या, तेव्हाच त्या थांबल्या.

"दे तांब्या," त्या म्हणाल्या. धनुबाईनं पाणी भरून दिलं. पहिला तांब्या त्यांनी स्वतः वरून ओतला, दुसराही. काळं पाणी ओघळलं, मग स्वच्छ. वाऱ्याचा झोत आला तो ओल्या वाळ्याचा वास घेऊन. पलंगावर भंवरीबाईनं लांब श्वास सोडला आणि तिचं बरळणं थांबलं.

उमरावबाई खाली उतरून फरशीवर बसल्या. फुटलेल्या अंड्याकडे बघत त्यांनी हात जोडले.

"शेठले काय सांगू?" धनुबाईनं शेवटी हळूच विचारलं. "घरटं मी काढं म्हनीसन सांगू का?"

"नही. मी काढं, आसंच सांग," उमरावबाई म्हणाल्या. "आनि हाई भी सांग, तीन दिन मी वाट देखी, बायकोसाठे तरी तू मन्हा शब्द मोडशी म्हनीसन."