खुर्चीतली दोन वर्षं

फुलाबाई शिक्षेच्या खुर्चीत भानावर आली तेव्हा कोर्टाच्या घड्याळात जेमतेम पाच मिनिटं झाली होती. तिच्या डोक्यात मात्र पुरती दोन वर्षं सरली होती. तीच कोठडी, तीच पाणचट आमटी, पहाटेचा तोच भोंगा. दुसऱ्यांदा धंदा करताना सापडलं की खुर्ची सक्तीची होती; न्यायाधीशालाही सूट देता येत नसे.

"आता बरं झालंय बाई," तिच्या डोक्यावरच्या तारा सोडवत शिपाईबाई म्हणाली. "पूर्वी पोरंबाळं उघड्यावर पडायची. आता शिक्षा भोगून घरी स्वयंपाकाला जाता येतं."

फुलाबाईला लेकीचा चेहरा पटकन आठवेना.

फाटकाबाहेर टपरीवर दिनकरराव उभे होते. सकाळच्या धाडीत लॉजवर तेही तिच्याबरोबरच सापडले होते. त्यांना समज देऊन सोडलं होतं. या माणसाला काय काय सुनवायचं, ते तिने कोठडीत दोन वर्षं घोकलं होतं.

त्यांच्या हातातला चहा अजून वाफाळत होता.

"सुटलीस? चल मग," बशीत फुंकर घालत ते म्हणाले. "खोली संध्याकाळपर्यंत आपलीच आहे."

फुलाबाई तिथेच भडाभडा ओकली. बाहेर पडली ती सकाळी त्यांनीच खाऊ घातलेली मिसळ.