आज काय म्हणाला?

"आज काय म्हणाला?" चहाचा थर्मास टेबलावर ठेवत बायकोनं विचारलं. दुकानात आली की ती रोज हेच विचारी.

पंपांच्या जळलेल्या मोटारींमध्ये तांब्याच्या तारेचं वायंडिंग भरून देणाऱ्या म्हाताऱ्यानं मोबाइलमधून मान वर केली नाही. परवा पोरगा 'गाढव' म्हणाला होता. काल 'अक्कल गहाण टाकलीय का' म्हणाला होता. दोन्ही दिवस ती "म्हणजे बरा आहे" असं म्हणून चहा ओतायला लागली होती. घर सोडून त्याला दोन वर्षं झाली. मोबाइलवरच्या कारागिरांच्या एका फोरमवर आपल्याशी रोज वाद घालणारा 'जुना कारागीर' म्हणजे आपला बाप, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या शिव्या तेवढ्या घरी पोचत.

"पाच वाजता त्याला काढून टाकणारेत," म्हातारा म्हणाला. "कायमचं. आज मला तिसऱ्यांदा शिवी दिली म्हणून."

बायको स्टूल ओढून त्याच्या मोबाइलवर वाकली.

फोरमच्या नियमांच्या पानाखाली तो सांभाळणाऱ्या मॉडरेटरबाईंचा नंबर होता, वेळ चार ते पाच. त्यानं तो लावला.

"मॅडम, शिव्या मला दिल्यात ना? माझी काही तक्रार नाही. पाया पडतो तुमच्या."

"काका, तक्रार असो-नसो. आठवड्यात तीनदा वैयक्तिक अपमान केला की माणूस बाहेर."

"माझा मुलगा आहे हो तो."

"मी सांगू का त्याला?"

"नको, नको! कळलं तर एवढंही बंद करेल."

"मग माझा नाइलाज आहे. भांडण दोघांचं असेल, तर जास्त वाईट बोलणाऱ्याला काढतो, दुसऱ्याला ताकीद देऊन सोडतो. पण तुम्ही तर त्याला साहेब-साहेब म्हणता. अजून पाच वाजलेले नाहीत, काका."

वीस मिनिटं उरली होती. ज्या तोंडानं जन्मभर पोराला फाडून खाल्लं, त्याला ऐन वेळी शिवी सुचेना.

"लिहा काहीतरी!" बायको ओरडली.

शेवटी एकच वाक्य आठवलं, पोरगा निघून गेला त्या दिवशी ह्याच टेबलापाशी त्याला ऐकवलेलं. तेच त्यानं लिहिलं. 'तुझ्या डोक्याचं वायंडिंग जळलंय. ते भरून देणारा अजून जन्मला नाही.'

पाचला नोटीस आली. 'जुना कारागीर' कायमचा बाहेर. दुसऱ्याला ताकीद.

"राहिला गं बाई!" म्हणून बायको रडायलाच लागली. तिनं चहा ओतला.

चहा तोंडाला लावतात न लावतात तोच पोराचं उत्तर आलं. त्यात शिवी नव्हती.

'आई बरी आहे का?'

"सांगा ना," बायको म्हणाली. "बरी आहे म्हणावं."

म्हातारा उत्तराच्या चौकटीवर बोट दाबत राहिला. बाहेर काढलेल्याला वाचता येत होतं, पण चौकट उघडेना. मॉडरेटरबाईंचा फोन बंद झाला होता.

"अहो, सांगा ना त्याला!"